डोळ्याला गार लागतंय

उजवा डोळा मिटायचा, हातातली वस्तू हळूच पापणीला टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा, "बरोबर हाय." चहाचा ग्लास असो, परीक्षानळी असो नाहीतर कोंबडीखालून काढलेलं अंडं असो, आमच्या मामांची ऊब मोजायची पद्धत हीच. "हाताची कातडी राकट झाली, बाई. पापनीला कळतं," म्हणायचे.

मामा म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या शाळेतले प्रयोगशाळेचे शिपाई. तुमच्याही शाळेत असे एखादे मामा असतील, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची हे मुख्याध्यापकांपेक्षा जास्त माहीत असलेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथे विज्ञान शिकवायला लागले. लाळेचा स्टार्चवर होणारा परिणाम दाखवायचा होता. मी म्हटलं, "मामा, पाणी सदतीस अंश हवं." त्यांनी नळी डोळ्याला लावली आणि म्हणाले, "झालं." मी मुद्दाम थर्मामीटर बुडवला. बरोबर सदतीस. खरं तर मला कौतुक वाटायला हवं होतं, पण राग आला.

त्यांची बायको माहेराहून, निफाडकडून, गावरान कोंबड्यांची एक जोडी घेऊन आली होती. त्या जोडीचा वंश शाळेमागच्या त्यांच्या घराच्या परसात वाढत राहिला. ती वारल्यावर मामा कोंबड्यांना अहो-जाहो करायला लागले. एखादी अंड्यांवर खुडूक बसली की शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगायचे, "काळ्या बाई रजेवर गेल्यात." आम्ही सगळ्या बाया एकमेकींकडे बघून हसायचो. कोणी आजारी पडलं की मामांच्या घरून दोन अंडी रुमालात बांधून यायची.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ते आले ते दारातच उभे राहिले. मुंगूस खुराड्यात शिरलं होतं. "एकबी नाय राहिली, बाई." घरात बाजरीच्या डब्यात ठेवलेली अकरा अंडी तेवढी उरली होती. आठवड्याभरात ती उबवायला ठेवली नाहीत तर संपलं. आसपास खुडूक कोंबडी मिळेना. मामा म्हणाले, "थर्माकोलचं खोकं करतो, साठचा बल्ब लावतो. डोळा हायेच."

मी म्हटलं, "मामा, अकराच अंडी आहेत. अंदाजपंचे कारभार नको. चांगलं यंत्र घेऊ."

मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात दोन यंत्रं होती. एक साधी पत्र्याची पेटी. आत बल्ब, पाण्याची ताटली आणि काचेचा थर्मामीटर. दुसरं पांढरंशुभ्र, आपोआप अंडी फिरवणारं आणि पुढे लाल आकडे चमकणारं. मामा पेटीपुढे उकिडवे बसले, आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "ही बरी वाटती." मी दुसऱ्या यंत्रावर बोट ठेवलं. "मामा, आकडा समोर दिसतो. चुकायचा प्रश्नच नाही."

"तुमी सांगाल ते, बाई. तुमी सायन्सवाल्या."

यंत्र लावलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. आकडा सदतीस पूर्णांक सात दाखवत होता, अगदी पुस्तकातल्यासारखा. मामांनी दुसऱ्या दिवशी एक अंडं काढून पापणीला लावलं. शाळेत येऊन म्हणाले, "डोळ्याला गार लागतंय."

"बाहेर काढलं की गार लागणारच."

तीन दिवसांनी पुन्हा तेच. "लय नाय, जरासंच गार हाय. थोडं वाढवू का?"

"मामा, त्या डोळ्याला आता चष्मा लागलाय. त्याची साक्ष कोर्टात चालत नाही," मी म्हटलं. सगळे हसले. मामाही हसले. त्यानंतर त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

दहाव्या दिवशी खिडक्यांना चादरी लावून आम्ही बॅटरीच्या उजेडात अंडी धरली. सात अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. "जीव धरला, बाई!" मामा म्हणाले. मला वाटलं, ही माझी कमाई.

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी एका अंड्यातून चिवचिव ऐकू आली. मामांनी रजा टाकली. मधल्या सुट्टीत मी धावत गेले, तर ते यंत्राच्या झाकणाला कान लावून बसले होते. संध्याकाळी आवाज थांबला. दोन दिवस आणखी वाट बघून त्यांनी स्वतः एक अंडं फोडलं. आत पूर्ण पिल्लू होतं, चोच, पिसं, सगळं. मामांनी सगळी अंडी शेवग्याखाली पुरली.

"लोडशेडिंगमुळे असेल," मी म्हटलं.

"नाय बाई. लाइट गेली तवा गोधडी टाकली व्हती. माझाच हात चालला नाय. गुण आमच्या घरवालीच्या हाताला व्हता."

यंत्र त्यांनी शाळेला देऊन टाकलं, पोरांना दाखवायला. आणि त्यांचा डोळा मिटायचा थांबला. कोमट पाणी मागितलं की म्हणायचे, "बाई, थर्मामीटर लावून बघा, मला नाय कळत." चहासुद्धा न बघता द्यायला लागले. एकदा माझी जीभ पोळली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी वर्गात दाखवण्यासाठी ते यंत्र काढलं. मधली सुट्टी होती, प्रयोगशाळेत मी एकटीच. सवयीने आत थर्मामीटर ठेवला. बाहेर लाल आकडा सदतीस पूर्णांक सात. थर्मामीटर पस्तीस. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. पस्तीस.

शेजारच्या खोलीत मामा परीक्षानळ्या धूत होते. काचेचा किणकिणाट ऐकू येत होता. चार पावलांचं अंतर. मी प्लग काढला, यंत्र कपाटावर ठेवलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. म्हटलं, उद्या सांगू.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड होतं? मीही स्वतःला तेच विचारते. विज्ञानाच्या बाईंनी शिपायाला जाऊन सांगायचं, की मामा, तुमचा डोळा बरोबर होता, तुमच्या बायकोच्या कोंबड्यांचा वंश मी बुडवला. ते तोंडातून निघेना. मला माझीच लाज वाटते.

फेब्रुवारीत मामा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी म्हटलं, "मामा म्हणजे आमच्या शाळेचा सगळ्यात अचूक थर्मामीटर." टाळ्या पडल्या. मामा जमिनीकडे बघत पुटपुटले, "नाय बाई, आता नाय राहिला." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

ते निफाडजवळ मुलीकडे राहायला गेले. दिवाळीत जाऊ, मेमध्ये जाऊ, असं करत दोन वर्षं गेली. मी गेले ती ते वारल्याचं कळल्यावर.

मुलीने चहा आणला. ग्लास माझ्या हातात देण्याआधी तिने उजवा डोळा मिटला, ग्लास पापणीला लावला. "आबांची सवय," म्हणाली आणि पदराने तोच डोळा पुसला. मग मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, पस्तीस, कपाटावरचं वर्तमानपत्र.

अंगणात, द्राक्षाच्या बागेच्या कडेला, एक खुराडं होतं. दार उघडं, आत सरपण रचलेलं. तिकडे बघत ती म्हणाली, "ते आबांसाठी बांधलं व्हतं. कोंबड्या आनू म्हटलं की म्हनायचे, नको, माझा हात चालत नाय." मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतं, बाई, तर पाळल्या असत्या त्यांनी."

तिने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

"गार झाला असंल," ती म्हणाली, "द्या, गरम करून आनते."