माह्या कोचगिरीचा एकच सामना

आता माह्या अकलेचं काय सांगू तुम्हाले! चहा घ्या, मंग ऐका.

मी बालाघाटच्या एका शाळेत संस्कृत शिकवतो. गेल्या साली पीटीच्या सरचा पाय मोडला, अन् मुलींचा फुटबॉल सामना आठ दिवसांवर. बड्या मॅडम म्हणे, "सर, आप खाली हो न? सिखा दो."

मी जन्मात फुटबॉलले हात लावला नव्हता. पाय तर दूरच!

मोबाइलवर शोधलं. एका जुन्या अमेरिकन गड्याची कहाणी भेटली. तिकडं पगारी फुटबॉल नुकताच सुरू झालता, तवाचा हा. हप्ताभर खाणीत काम करे, रविवारी सामना खेळे, अन् खेळता खेळताच संघाचा कोच झाला. मले तर तो आपल्या भरवेलीच्या खाणीतलाच वाटला! चेंडू छातीशी धरून असा पळे म्हणे, का तिघं अंगाले लोंबकळले तरी थांबे नाही.

नाव फुटबॉल, अन् चेंडूले लाथ क्वचितच? मी म्हटलं, पळाले पायच लागतात न!

आमची कॅप्टन पायल म्हणे, "सर, हात लागला तं फाउल होते न?"

"एवढा मोठा कोच चुकला, अन् तू बरोबर?"

"टीव्हीवर तं पायानं..."

"टीव्हीवरचं सगळं खरं असते का?"

आठ दिवस पोरी चेंडू काखेत घेऊन पळाल्या.

सामना वारासिवनीले होता. शिट्टी वाजली. पायलनं चेंडू उचलला, समोरच्या दोघी आडव्या केल्या, गोलकीपरले बाजूले सारलं, अन् चेंडू जाळीत नेऊन ठेवला. नैवेद्यासारखा.

मी एकटा टाळ्या वाजवून राह्यलो.

रेफरीनं विचारलं, "ये किसने सिखाया?"

अकराही पोरींनं माह्याकडे बोट केलं.

मी त्याले मोबाइल दाखवला. त्यानं शांतपणे सगळं वाचलं. "गुरुजी, अमेरिका का फुटबॉल अलग होता है. आप वारासिवनी में हो." अन् लाल कार्ड काढलं. पायलले नाही, मले!

सामना गेला. बसमधी पायल रडून राह्यली. मी म्हटलं, "बाई, तुहं बरोबर होतं. माहं चुकलं."

"हौ," ती नाक पुसत म्हणे. "पण सर, मजा आली."

दुसऱ्या दिवशी कबड्डी शिकवणाऱ्या एक मॅडम आमच्या शाळेत आल्या. त्याइनं सामना पाह्यलता. अकराही पोरी आपल्या संघासाठी मागून नेल्या.

मी दारात उभाच होतो. विचारलं, "मॅडम, कोच लागते का?"

"लागते न सर," त्या म्हणे. "म्हणून तं तुम्हाले नेत नाही."