तीन नंबरच्या खोलीचं तापमान कोणी विचारलं?

सर्व सभासदांनी कृपया उभं राहून ऐकावं – निवेदन अत्यंत गंभीर आहे. मुंजा, चकवा, हडळ यांच्यापैकी कुणालाही मी आजवर दाराशी उभं केलेलं नाही. आणि तरीही...

जागा – जळगावजवळ नशिराबाद, हायवेला लागून नानांचं केळी पिकवण्याचं शेड. वेळ – भर दुपार. धंदा मूळचा नानांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच माल, तीन नंबरच्या खोलीत लावलेला. हा बिघडला तर शटर कायमचं ओढायचं, असं नानांनी ठरवलेलं.

खोल्यांची थंडी सांभाळणारा प्रोग्रॅम माझा, हॅस्केल भाषेतला. ही भाषा पक्की आळशी – कुणी विचारल्याशिवाय काहीही मोजत नाही. हे ऐकून नाना म्हणाले, "हाई ते आमना जवाईसारखं शे."

त्या दिवशी दोन नंबरची खोली त्रास देत होती. म्हणून प्रोग्रॅम डीबगरमध्ये घेतला – म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकावायची सोय – आणि दोन नंबरवर थांबवला. काळ्या स्क्रीनवर एक आणि दोनसमोर तापमान आलं. तीनसमोर नुसती आडवी रेघ – म्हणजे अजून कुणी विचारलेलं नाही. नानांना ती रेघ दाखवलीसुद्धा. तेवढ्यात भरीत-भाकरीची हाक आली, आणि मी उठलो... प्रोग्रॅम तसाच थांबलेला ठेवून. भरतापुढे खानदेशी माणसाला दुसरं काय आठवणार?

कॉम्प्युटरच्या ऑफिसला कुलूप, किल्ली माझ्याच पंगतीला बसलेल्या नानांच्या खिशात. जेवून परत आलो, तर रेघेच्या जागी आकडा. सोळा हवं तिथे तेवीस!

मग डोक्यात उजेड पडला – प्रोग्रॅम थांबला, तीनची पाळी आलीच नाही, थंडी बंद. नाना धावले, हाताने मशीन चालू केलं. केळी हाताला कोमट लागत होती, पण टणक होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळा माल मऊ पडला असता.

नंतर मी तोच प्रोग्रॅम त्याच जागी किती वेळा थांबवला... दर वेळी रेघच. वायर तपासली, कीबोर्ड तपासला. आकडा सेन्सरने दिला, मान्य. पण सेन्सरला विचारलं कोणी? 

त्या दुपारी हाच प्रश्न मी नानांपुढे मोठ्याने बडबडत होतो. नाना तीन नंबरच्या दारावर तळवा टेकवून उभे होते. वळलेसुद्धा नाहीत.

"मंग अक्कानीच इचारं व्हई. जेवन व्हयनं का ती पहिले तीन नंबरनंच इचारे."