उसनी खापरपणजी

ईरा, कबीर, तुमच्या एडिंबरोच्या हॉलमध्ये टांगलेल्या वंशवृक्षावर आपल्या बाजूची जी खापरपणजी आहे, ती आपली नाही. ती औशाच्या शेजारणीची आहे. मे महिन्यात तुम्ही औशाला याल, तेव्हा शेवंताकाकू हे चवीने सांगतीलच. त्याआधी मीच, तुमची आजी, लिहिते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या आईने स्कॉटलंडमधल्या जुन्या चर्चच्या नोंदवह्या चाळून स्वतःचे पूर्वज शोधले. मेंढपाळाची बायको, पण नाव माहेरच्या आडनावासकट! तिने रविवारी, देवाच्या वारी, कपडे धुतले म्हणून पाद्र्यांनी तिला झापलं, याचीही नोंद! आमच्या बायकांनी आठवड्याचे सातही दिवस धुणी बडवली, कुणी एक ओळ लिहिली नाही. तुमच्या आईने "आता तुमच्याकडची नावं सांगा" म्हटलं, आणि तुमच्या आजोबांच्या आजीच्या चौकटीत लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. रिकामी चौकट! माझ्या घरात मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या आहेत!

नांदेडहून तडक औशाला गेले. माझे दीर, बापूभावजी, तिथली शेती पाहतात.

"भावजी, तुमच्या आजीचं नाव काय?"

"थोरली बाई."

"हे काय नाव झालं?"

"सगळे तेच म्हणायचे की."

"पितृपक्षात गुरुजी नाव विचारतात, तेव्हा काय सांगता?"

"गुरुजी पुटपुटतेत, मी हाव म्हणतो."

"सख्ख्या आजीचं नाव माहीत नाही!"

"वहिनी, आज्याच्या बैलांची नावं विचारा की. सर्ज्या, पाखऱ्या, ढवळ्या..."

(सगळ्या बैलांची सांगितली. स्वभावासकट!)

संतापून मी घर उपसायला काढलं. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. आपली चर्चची वही म्हणजे तीच! गोठ्यात म्हशीची पेंड भिजवायचं तांब्याचं घंगाळ सापडलं. चिंच लावून घासलं, तर ठिपक्याठिपक्यांनी उमटलं: सौ. भागीरथीबाई. मला रडू आलं. मग पुन्हा राग आला. सख्ख्या नातवाने आजीत पेंड भिजवावी! फोटो काढून लगेच पाठवला. तुमच्या आईने चौकट भरली आणि काच लावून टांगली.

पितृपक्षात भावजींना तिच्या नावाने पान वाढायला लावलं. घंगाळाला हार घालून मधोमध ठेवलं, गल्लीला जेवायला बोलावलं. शेजारच्या शेवंताकाकू आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बया! हे तर आमचं घंगाळ!"

"काकू, ही आमची थोरली बाई."

"कशाची थोरली बाई! भागीरथी माझी आजेसासू. तुमच्याकडच्या लग्नात पाणी तापवाया नेलं, ते माघारी आलंच न्हाई. बुडाला ठिगळ हाय, बघ पालथं घालून."

पालथं घातलं. ठिगळ होतं!

"भावजी!" मी किंचाळले.

"मला वाटलंच होतं. आपल्यात एवढं जड भांडं कुठलं!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पहिल्यांदाच रागात नव्हता, वहिनी."

काकू पोटभर जेवल्या, हात पुसले आणि घंगाळ व खापरपणजी दोन्ही उचलून घेऊन गेल्या.

नांदेडला येताच मी जाडजूड पितळी तांब्या विकत घेतला.

"नाव साहेबांचं घालायचं ना?" दुकानदाराने विचारलं.

"माझं! माहेरचं आणि सासरचं, दोन्ही!"

(शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.) तो तांब्या रागारागाने भावजींना दाखवायला औशाला नेला आणि रागारागाने तिथेच विसरून आले!

काल फोन केला.

"भावजी, माझा तांब्या?"

"शेवंताकाकूंनी नेलाय. पाव्हणे आलेत त्यांच्याकडं."

तर मुलांनो, भागीरथीबाई खोडा आणि चौकटीत 'थोरली बाई' लिहा. तिचं नाव गेलं ते गेलंच. माझं मात्र शाबूत आहे, खोल ठोकलेलं, दोन्ही आडनावांसकट. शेवंताकाकूंच्या मोरीत.