आधी डागी आंबा

सुनेने आज आढीतला सगळ्यात देखणा आंबा उचलला आणि उभ्याउभ्याच चोखायला घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला, तरी तिला त्याचं काही नव्हतं. मी शेजारी सुरी घेऊन देठाशी काळा पडलेला आंबा कोरत बसले होते. माझा नियमच तसा. डागी आंबा आधी संपवायचा, चांगला उद्यासाठी ठेवायचा.

"आई, एक तरी चांगला खा ना!" ती म्हणाली.

"मग हे काय फेकून देऊ?" मी फटकारलं. तिच्या त्या निवांत चोखण्याचा मला रागच आला होता.

उद्या आढी उघडेन तेव्हा आजच्या चांगल्या आंब्यावर डाग पडलेला असेल, मग तो माझा. उन्हाळाभर घरात आंब्यांचा घमघमाट असतो आणि माझ्या जिभेवर मात्र ती उतरलेली आंबूस चव. महाबळेश्वरही मी असंच पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवत गेले. आता न्यायला हे नाहीत.

सुनेने हात धुतले आणि एक पिवळाधमक, बिनडागी आंबा माझ्या हातात ठेवला. मी तो हुंगला. ती आत गेल्यावर पुन्हा पेंढ्यात झाकून ठेवला.