डेल्मर रकलचे वळसे

कॉर्बिन्स मिल गावात कुठलाही कार्यक्रम असो, शाळेचा निरोप समारंभ असो, अग्निशमन दलाची तळलेल्या माशांची पंगत असो की चर्चचा हॅलोविन मेळा असो, डेल्मर रकलच्या खुर्च्यांना आमंत्रण ठरलेलं. घडीच्या, तपकिरी, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'रकल आणि मुलगे' असं छापलेल्या. लोक त्यांवर बसून केक खायचे, बिंगो खेळायचे, एकमेकांच्या सुनांची उणीदुणी काढायचे. खुद्द डेल्मरला मात्र कुणी 'बस' म्हणायचं नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. गावात कुणी वारलं की त्याला आंघोळ घालून, कपडे चढवून, पेटीत नीट ठेवून दफनभूमीपर्यंत पोचवायचं काम रकल घराणं तीन पिढ्या करत आलं होतं. ज्या माणसाने आपल्या आईचे केस शेवटचे विंचरले त्याच्यासमोर बसून बटाट्याचं सॅलड खायचं, तर घास घशाखाली उतरत नाही.

डेल्मरने याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. धंदा शिकवताना वडिलांनी सांगितलं होतं, "आपण दिसलो की लोकांना आठवतं. तेव्हा गरजेपुरतं दिसायचं आणि बोलायचं त्याहून कमी." म्हणून तो पेटी न्यायची काळी गाडी घरामागे लावायचा, वाटेत भेटलेल्याला आपण होऊन 'कसं काय' विचारायचा नाही आणि दफन उरकलं की त्या घराची पायरी पुन्हा चढायचा नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. ते दूध ऐकायला डेल्मर दर वेळी चर्चमध्ये मागच्या भिंतीपाशी हात बांधून उभा असायचा, आणि त्यात पाणी किती हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. पण ते त्याच्या पोटात राहायचं. त्याची बायको नोरीन म्हणायची, "तुझ्यापेक्षा तुझी गिऱ्हाइकं जास्त बोलतात."

त्यांची एकुलती एक मुलगी डेन्व्हरला दातांची डॉक्टर झाली होती आणि तिला जिवंत माणसंच बरी वाटत होती. त्यामुळे नव्या वर्षात दुकान बंद करायचं ठरलं. हे ठरल्यानंतरच्या आठवड्यात डेल्मर दूध-पाव आणायला गेला असताना चेटकिणीची टोपी घालून बघणारी एक चिमुरडी त्याला पाहून आईच्या मागे लपली. आईने तिला गप्प केलं आणि डेल्मरकडे बघून ओशाळं हसली. घरी येऊन तो नोरीनला म्हणाला, "आपण गेल्यावर या पोरांना एवढंच आठवणार. काळा कोट." इतकं लांब वाक्य तो स्वतःबद्दल सहसा बोलत नसे.

मेळ्याची आखणी चर्चच्या तळघरात व्हायची आणि तिची सूत्रं ग्लेंडा फिस्टरच्या हातात असायची. ग्लेंडा शाळेच्या ऑफिसात कामाला होती आणि तिच्या आवाजाला माईकची गरज नव्हती. मेळ्याच्या दिवशी चर्चच्या वाहनतळावर प्रत्येक घराने आपली गाडी उलटी लावायची, डिकी उघडून ती सजवायची, कुणी कोळ्याचं जाळं करायचं, कुणी चाच्यांचं जहाज, आणि सोंगं घेतलेल्या पोरांनी डिकी-डिकीपुढे जाऊन गोळ्या-चॉकलेटं मागायची. ज्याच्या डिकीपुढे रांग मोठी, त्याचा वर्षभर गावात रुबाब.

"खुर्च्या डेल्मरच्या," ग्लेंडा जागांचा नकाशा रंगवता रंगवता म्हणाली. मग तिने वर पाहिलं. डेल्मर खुर्च्या टेकवून गेला नव्हता. त्यातलीच एक उघडून तिच्यावर बसला होता. "काही राहिलं का रे?"

"मला एक जागा हवी होती. गाडी लावायला."

"तुमची ती निळी? अरे, तिच्या डिकीत भोपळासुद्धा मावायचा नाही."

"ती नाही. दुसरी."

"डिकी ऐसपैस आहे, हे मात्र खरं," गॅरेजवाला रॉय एकहार्ट पुटपुटला आणि दोघं-तिघं कपात तोंड घालून हसले.

लव्होन टिबेट्स हसली नाही. तिचा नवरा जीन शाळेची बस चालवायचा. तो मार्चमध्ये गेला होता. "जीनला नेलंस त्या गाडीतून," ती म्हणाली. "आणि आता त्याच गाडीतून चॉकलेटं वाटणार?"

"लव्होन, माझा हेतू…"

"आणि त्या दिवशी निदान रस्ता तरी नीट घ्यायचास. चर्चपासून दफनभूमी नाकासमोर आहे, आंधळाही जाईल. तू शाळेला वळसा घालून आम्हाला डंकन रोडच्या चिखलातून फिरवलंस. मध्येच कुठल्या तरी वळणावर गाडी बंद पडली तुझी. नवऱ्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या नशिबी वाट चुकलेला माणूस. इतके दिवस मी हे कुणाला बोलले नव्हते."

उत्तर डेल्मरच्या जिभेवर आलं होतं. तीन पिढ्यांची शिस्त आडवी आली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "जागा नको मला." त्याने आपली खुर्ची मिटली, भिंतीला लावली आणि तो जिना चढून गेला. ग्लेंडाने त्याच्या नावापुढे 'खुर्च्या' लिहिलं.

नोरीन राजमा-खिम्याच्या चिलीसाठी कांदा चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली. "आणि तू तिला सांगितलं नाहीस?"

"ते सांगायचं नसतं. सांगितलं की त्याची जाहिरात होते."

"दुकान बंद करायला निघालास, आता कसली जाहिरात? ती बाई तुला वेंधळा समजते."

"समजू दे."

"तुला काय होतंय त्याने? जळतंय तिचं. तुला तुझ्या गप्प बसण्याचं फार कौतुक आहे, डेल्मर." एवढं बोलून तिने पुन्हा सुरी उचलली. हे त्याला लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो लव्होनकडे चालत गेला. दफनानंतर कुणाच्या घरी जायची त्याची ही पहिलीच वेळ. ती अंगणात मेपलची पानं ओढून ढीग लावत होती.

"खुर्च्यांचं काही आहे का?" तिने विचारलं.

"नाही. रस्त्याचं. मी चुकलो नव्हतो."

टोपी हातात धरून त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. माणसाचं आयुष्य जिथे गेलं तिथून त्याला एकदा न्यायचं आणि मग दफनभूमीत, असं त्याचे वडील करायचे आणि तोही करायचा. जमेल तसं, रस्ता फार लांबणार नाही असं, कुणाला न कळू देता. जीनला त्याने बसच्या रस्त्याने नेलं होतं. "आणि त्या वळणावर गाडी बंद पडली नव्हती. मी थांबवली होती. हॉस्टेटलरांच्या शेताशी. जीन सकाळचं पहिलं पोर तिथून घ्यायचा ना."

लव्होन दाताळ्याचा दांडा धरून उभी राहिली. तिचे डोळे भरून येतील, कदाचित ती आभार मानेल, असं डेल्मरला वाटलं होतं. अगदीच साधुपुरुष नव्हता तो. तिने दाताळं पानांच्या ढिगावर भिरकावलं.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस? मी तुझ्या मागच्याच गाडीत होते, डेल्मर. मान खाली घालून, रुमालात तोंड खुपसून, तुझ्या नावाने चडफडत. तू आधी एक शब्द बोलला असतास तर मी खिडकीतून बघितलं असतं. त्याच्याबरोबर शेवटची फेरी झाली असती माझी. ती तू एकट्यानेच करून घेतलीस."

आपलं मौन म्हणजे आपण लोकांना दिलेली भेट आहे, असं तो जन्मभर धरून चालला होता. त्या मौनात आपण दुसऱ्यांच्या वाटणीचं काही आपल्यापाशीच ठेवून घेत आलो, हे त्याला कधी शिवलंही नव्हतं. लव्होन ही एक. अशा किती घरांचं ठेवून घेतलं असेल? त्याला मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "रस्ता नाही. हे चुकलं."

"गाडी आण."

"आत्ता?"

"मग कधी? मला मागे झोपवशील तेव्हा? तेव्हा मी काय बघणार, कपाळ?"

तर त्या दिवशी भर दुपारी काळी गाडी गावातून निघाली आणि लव्होन टिबेट्स बागकामाच्या जाकिटात पुढच्या सीटवर, काच खाली करून बसली होती. समोरून येणाऱ्या गाड्या रिवाजाप्रमाणे रस्त्याकडेला थांबल्या. एका म्हाताऱ्याने ट्रॅक्टर थांबवून टोपी काढली, लव्होनला पाहिलं आणि गोंधळून परत घातली. शाळेला वळसा घालून डंकन रोडला लागताच लव्होनची बडबड सुरू झाली: या घरातला पोरगा बसमध्ये ओकायचा, त्या घरातली आता नर्स आहे, नाताळात जीनला मोजे आणून द्यायची. हॉस्टेटलरांच्या वळणावर डेल्मरने गाडी थांबवली. मका कापून झाला होता आणि नुसती धसकटं उरली होती.

"इथे तो हॉर्न द्यायचा," लव्होन म्हणाली. "ते पोर कायम उशिरा यायचं."

"हे मला माहीत नव्हतं."

"असणार कसं? विचारलंस कुणाला?" तिने स्टीअरिंगकडे बोट दाखवलं. "दे आता."

त्या गाडीचा हॉर्न आजवर कुणी ऐकला नव्हता. डेल्मरने तो वाजवला. मग लव्होन रडली, आणि डेल्मर, ज्याच्या खिशात अशा वेळेसाठी घडी घातलेला रुमाल नेहमी असायचा, तो काढायचं विसरून तिच्याशेजारी नुसता बसून राहिला.

संध्याकाळी ग्लेंडाने लव्होनला फोन केला. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही. डेल्मरला जागा दे. मधली. आणि ऐक, तुला एक सांगायचंय."

लव्होनने ग्लेंडाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

मेळ्याच्या दिवशी काळ्या गाडीची मागची दारं सताड उघडी होती. नोरीनने आत नारिंगी दिव्यांच्या माळा आणि कागदाची वटवाघळं टांगली होती, आणि काळा कोट कपाटात कोंडून नवऱ्याला कोंबड्याचं सोंग दिलं होतं: पिवळे पंख, लाल तुरा, पायांत रबरी पंजे. पोरं आधी लांबून बघत राहिली. मग एकाने धीर केला, मागोमाग सगळी आली, आणि कोंबडा आरवून दाखवेल का अशी मागणी झाली. डेल्मर आरवला. बरा आरवला.

पोरांची गर्दी ओसरल्यावर त्याच्या लक्षात आलं की रांग संपलेली नाही. आता तीत मोठी माणसं उभी होती.

पुढे रॉय होता. तो बुटांकडे बघत म्हणाला, "डेल्मर, आमची आई?"

"खाणावळीवरून. मागच्या दारावरून, जिथे ती कामातून सुटली की सिगारेट ओढत बसायची."

रॉय हसला आणि हसता हसता तोंडावर हात धरून बाजूला झाला. मग कुणाचा भाऊ, कुणाची मावशी. बेसबॉलच्या मैदानावरून, कापडगिरणीच्या फाटकावरून, पहिल्या बायकोच्या घरावरून. एका कोंबड्यापुढे गावची शहाणी माणसं एकेक करून येत होती, आणि तो हलक्या आवाजात प्रत्येकाला ज्याचा त्याचा रस्ता परत देत होता.

शेवटी ग्लेंडा आली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच लहान झाला होता. "बाबांना कुठून नेलंस?"

खोटं सांगणं सोपं होतं. "सरळ नेलं, ग्लेंडा. ते कुठे रमायचे, मला कळलंच नव्हतं. आणि विचारायची आमच्यात रीत नव्हती."

"धरणावर," ती म्हणाली. "रविवारी चर्चला दांडी मारून. गळ टाकून बसायचे, मला बरोबर न्यायचे. आईला सांगायचं नाही अशी शपथ होती. मी ती अजून पाळतेय बघ." ती सजवलेल्या डिक्यांकडे पाहत राहिली. "जानेवारीत बंद करतोस ना दुकान?"

"हो."

"मग मला कुठून न्यायचं, ते मी कुणाला सांगून ठेवू?"

डेल्मरने पिवळे पंख आवरून गाडीच्या कडेवर तिच्यापुरती जागा केली.

"बस," तो म्हणाला. "मला सांग."