साहेबांचं वजा वय

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात मला कॉम्प्युटर कळतो अशी अफवा होती, कारण मी बदलापुरात एका क्लासला जाऊन कोर्स केला होता. दोन हजार साल लागताच जुने कॉम्प्युटर तारखा चुकवतील अशी घबराट पसरली, तेव्हा तपासणी साहजिकच माझ्या गळ्यात पडली.

पगाराचा कॉम्प्युटर सगळ्यात जुना होता. भर दुपारी मी त्यात एकतीस डिसेंबरची मध्यरात्र आणून ठेवली. मॅनेजरसाहेब, पर्सोनेल ऑफिसर आणि अर्धं अकाउंट्स चहाचे कप घेऊन माझ्या मागे उभं राहिलं. बघता बघता पडद्यावर १९०० साल उगवलं. मी साहेबांचीच माहिती उघडली, तर वयाआधी वजाचं चिन्ह.

"याचा अर्थ काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुमचा जन्म व्हायचाय अजून," पर्सोनेल ऑफिसर अदबीने म्हणाले.

साहेब मार्चमध्ये रिटायर होणार होते. ते खुर्ची ओढून बसले. "मग रिटायरमेंट?"

"ती तर फारच लांब गेली, साहेब," मी म्हणालो.

"मग मशीन बिघडलंय असं कोण म्हणतं? घाई नको. आणखी अभ्यास करा."

मी अभ्यास करत बसलो. शेवटी हेड ऑफिसने कोणाला न विचारता नवा कॉम्प्युटर पाठवला आणि त्याने साहेबांना मार्चमध्ये रिटायर केलं. निरोपाच्या भाषणात साहेबांनी आपण कारखान्याला त्या संकटातून कसं वाचवलं ते सविस्तर सांगितलं. पर्सोनेल ऑफिसरांनी पहिली टाळी वाजवली. दुसरी माझी होती.