दाजींचं कोपर

पत्रेमामांचा डावा कान कामातून गेला होता. पन्नास वर्षं ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाकडी हातोडा आपटल्यावर दुसरं काय होणार? बायको होती तोवर म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तर उजवीकडून!"

शर्यतीची ती निळी गाडी त्यांनीच ठोकून घडवलेली. कागदावर दोन्ही बाजू सारख्या. पण चालवणारे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अंगानं चांगले आडवे. वळणावर कोपर पत्र्याला घासून सोलून निघायचं. मामांनी एका दुपारी पत्र्याला साबण चोळला, साबण काळा पडेस्तोवर पत्रा तापवून मऊ केला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून आतून दोन बोटं फुगवटा काढला. इंजिनिअरसाहेब खवळले, "वारा अडेल!"

दाजी म्हणाले, "अडू दे. माझं कोपर अडत नाही ना?"

फुगवटा राहिला. नकाशात मात्र कुणी चढवला नाही, आणि मामांनीही आठवण करून दिली नाही.

दोन वर्षांनी दाजी दुसऱ्या एका गाडीच्या अपघातात गेले. ताईकडे फोटो तेवढे उरले.

आता निळी गाडी संग्रहालयात जायची होती. डागडुजीसाठी मामांना बोलावणं आलं, तेव्हा ताई म्हणाली, "ते कोपर आहे का, बघून ये रे. असलं तर मला ने. एकदा हात लावीन."

वर्कशॉपात गाडीवर कामाची यादी चिकटवलेली: 'डावीकडे पोचा. काढणे.'

"अहो बाई, पोचा आत जातो. हा बाहेर आलाय," मामा नव्या इंजिनिअरबाईंना म्हणाले. "हे आमच्या दाजींचं कोपर आहे."

"मामा, नकाशात दाखवा, लगेच ठेवते. त्यात नाही ते मालक ठेवू देत नाहीत. तुमच्यानं होत नसेल तर दुसऱ्याला सांगू?"

दुसरा! म्हातारा झालेला पत्रा तो टराटरा फाडून ठेवील. मामांनी आतून हात फिरवला. आपल्याच हातोड्याचे ठसे बोटांना लागले.

"साबण आणा," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत डावी बाजू उजवीसारखी झाली. कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही.

घरी ताई दारातच होती, त्यांच्या उजव्या हाताला.

"आहे का रे?"

मामांनी मान वळवून डावा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

बिचारी आणखी जवळ आली आणि मोठ्यानं विचारू लागली.